शर्यतीआधीचे दोन तास: होडीची डोलकाठी कशी लावतात



उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी बर्कलीच्या किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर चक्कर मारलीत, तर एक दृश्य हमखास दिसतं. शर्यत असते दुपारी एकला, पण माणसं अकरापासूनच होडीवर. शिडं अजून पिशवीतच असतात. कुणी डोलकाठीला गाल लावून एक डोळा मिटून वर बघतंय, कुणी पाना घेऊन तार पिळतंय, तिसरं कुणी वहीत आकडे लिहितंय. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं हायस्कूलमध्ये गेल्यावर शिडाच्या होड्यांकडे वळतात, आणि त्यांना सोडायला गेलेले आईबाबा कॉफीचा कप धरून हे सगळं पाहत उभे राहतात. "दोन तास झाले, हे तारांशीच खेळतायत" असं मनात येतं. आजच्या कार्यक्रमात त्या दोन तासांत काय चालतं ते समजून घेऊ.

इंग्रजीत याला ट्यूनिंग म्हणतात. मराठीत आपण तंबोरा 'लावतो', तबला 'लावतो'. तोच शब्द इथे चपखल बसतो, म्हणून मीही डोलकाठी 'लावणं' असंच म्हणणार आहे.

उदाहरणासाठी एकच होडी धरू, जे-२४. रॉड जॉनस्टन यांनी कनेक्टिकटमधल्या स्टोनिंग्टनला घरच्या गॅरेजमध्ये हिची पहिली होडी बांधली, आणि १९७७ पासून ती कारखान्यात बनू लागली. आजवर पाच हजारांहून जास्त झाल्या आहेत. लांबी २४ फूट, वजन सुमारे १४०० किलो, खाली शिशाचा कील, आणि वर साधारण पाच जणांचा चमू. चमूचं एकूण वजन ४०० किलोंच्या आत हवं असा नियम आहे, त्यामुळे शर्यतीच्या आदल्या दिवशी पुरणपोळीला नाही म्हणणारे लोकही असतात. सगळ्या होड्या एकाच मापाच्या असल्यामुळे महागडी होडी आणून जिंकता येत नाही. फरक पडतो तो माणसांचा आणि लावणीचा. पंचेचाळीस वर्षं जुनी होडी, म्हणजे तिच्यावरच्या मुलांच्या आईबाबांच्या वयाची, नीट लावली तर नव्या होडीच्या पुढे जाते.

आता मूळ मुद्दा. लांबून आपल्याला वाटतं की डोलकाठी म्हणजे शीड टांगायचा खांब. तसं नाही. डोलकाठी शिडाला आकार देते. शीड शिवणारा कापडाची पुढची कड सरळ कापत नाही, तिला थोडा गोलवा ठेवतो. डोलकाठी सरळ असली की ते जास्तीचं कापड मागे ढकललं जातं आणि शिडाला पोट सुटतं. डोलकाठीचा मधला भाग पुढे वाकवला की तो वाक जास्तीचं कापड खाऊन टाकतो आणि शीड सपाट होतं. पोट असलेलं शीड ताकद देतं, सपाट शीड ताकद सोडून देतं. हलक्या वाऱ्यात ताकद हवी, जोराच्या वाऱ्यात ती नको. एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

या डोलकाठीला तारांनी धरलेलं असतं. एक तार पुढे नाकापर्यंत जाते, तिच्यावर पुढचं शीड चढतं. एक तार मागे जाते. दोन्ही बाजूंना दोन-दोन तारा. त्यातली वरची तार डोलकाठीच्या वरच्या भागातून, पुढची तार जिथे बांधली आहे साधारण तिथूनच निघते आणि स्प्रेडर नावाच्या आडव्या दांडीच्या टोकावरून खाली डेकवर येते. खालची तार स्प्रेडरच्या मुळाशी, म्हणजे डोलकाठीच्या मध्याच्या आसपास बांधलेली असते. या प्रत्येक बाजूच्या तारेच्या पायथ्याशी टर्नबकल असतं. त्याच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे, त्यामुळे मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं एकदम जवळ येतात आणि तार ताणली जाते.

खुबी स्प्रेडरमध्ये आहे. जे-२४ चे स्प्रेडर थोडे मागे झुकलेले असतात. वरची तार ताणली की ती स्प्रेडरच्या टोकावर दाब देते, आणि स्प्रेडर डोलकाठीच्या मध्याला पुढे ढकलतो. खालच्या तारा त्याच मध्याला मागे धरून ठेवतात. म्हणजे वरच्या तारा डोलकाठी वाकवायला बघतात आणि खालच्या तिला आवरतात. या ओढाताणीत तडजोड कुठे करायची, हे ठरवणं म्हणजे लावणी. मागची तार या भांडणात वरून भाग घेते. ती ओढली की शेंडा मागे जातो, मध्य आणखी पुढे येतो, मोठं शीड सपाट होतं आणि वर पुढची तारही ताठ होते. एका दोरीत तीन कामं, आणि ती दोरी कप्प्यांवरून चमूच्या हाताशी आणलेली असते.

मग बाजूच्या तारा अशाच हाताशी का नाहीत? कारण नियम आहे की शर्यत चालू असताना पुढची तार आणि बाजूच्या तारा यांना हात लावायचा नाही. मागची तार कितीही ओढा, बाकीच्यांची लावणी सुरुवातीआधी जी केली ती केली. आता कळलं ना, दोन तास का लागतात ते? धक्क्यावर उभं राहून पुढच्या दोन-तीन तासांच्या वाऱ्याचा अंदाज बांधायचा असतो, आणि चुकला तर शर्यत संपेपर्यंत तो निस्तरत बसायचं.

आपल्या खाडीत तर हा अंदाज म्हणजे मोठाच जुगार. सॅन होजेत टी-शर्टवर असलेले तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोत पोचेपर्यंत स्वेटर शोधता, त्यामागचं कारण आणि या वाऱ्याचं कारण एकच. सेंट्रल व्हॅली उन्हाने तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला पॅसिफिकवरची गार हवा गोल्डन गेटच्या चिंचोळ्या फटीतून आत घुसते. सकाळी अकराला पाणी शांत, वारा जेमतेम ८ नॉट. तीन वाजता अल्कट्राझपासून बर्कलीच्या दिशेने २० ते २५ नॉट. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकलो होतो. ८ चे २४ नॉट झाले की शिडावरचा दाब तिप्पट नाही, नऊपट होतो. अकरा वाजता जी होडी छान वाटेल अशी लावली, ती तीनला आवरत नाही.

आता लावणीचा क्रम. पहिलं काम, डोलकाठी आडव्या दिशेने अगदी मधोमध आहे का ते बघणं. शीड चढवायच्या दोरीला पोलादी टेप बांधून वर चढवायची आणि दोन्ही बाजूंना, बाजूच्या तारा डेकला मिळतात तिथपर्यंत माप घ्यायचं. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. फरक असेल तर एका बाजूची वरची तार सैल करून दुसरी तेवढीच ताणायची. या वेळी खालच्या तारा सैल असाव्यात, नाहीतर त्या मधूनच ओढतात आणि तुम्ही भलतंच काहीतरी दुरुस्त करत बसता.

दुसरं, डोलकाठी मागे किती झुकली आहे. इथे आपल्या गवंड्याचा ओळंबा कामाला येतो. मोठ्या शिडाच्या दोरीला वजन टांगायचं, ते हलू नये म्हणून पाण्याच्या बादलीत सोडायचं आणि डोलकाठीपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं. या वेळी सगळ्यांनी धक्क्यावर उतरायचं बरं का. एक माणूस पुढे जाऊन बसला की होडी नाकावर झुकते आणि माप खोटं ठरतं. झुकाव जास्त असला की शिडांचा जोर मागे सरकतो आणि होडी आपण होऊन वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते. टिलर धरणाऱ्याला ते हातात जाणवतं. थोडी ओढ चांगली, त्याशिवाय होडी कुठे चालली आहे ते कळत नाही. पण सतत खेचून धरावं लागत असेल तर सुकाणू तिरकं राहतं, आणि तिरकं सुकाणू म्हणजे पाण्यात लावलेला ब्रेक. पुढच्या तारेची लांबी बदलून झुकाव कमी-जास्त करतात, पण त्यावर नियमाची मर्यादा आहे.

जाता जाता एक गंमत. आपल्या कोकणातल्या मचव्याची डोलकाठी बघितली आहेत का? ती मागे नाही, पुढे झुकलेली असते. त्या शिडाची लांब तिरकी काठी डोलकाठीच्या पुढून टांगलेली असते आणि शीड बदलताना ती पलीकडे न्यावी लागते. पुढे झुकलेल्या डोलकाठीमुळे तिला जागा मिळते. अलिबाग-मुरूडकडच्या कुणाला अमेरिकन होडी पाहून "ही उलटी का?" असं वाटलं, तर त्यात त्याची काही चूक नाही.

तिसरं काम ताणाचं. आधी वरच्या तारा दोन्हीकडून हाताने ताठ होतील इतक्या, मग पान्याने एक फेरा डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. तबला लावताना आपण एकाच गठ्ठ्यावर हातोडी मारत बसत नाही, समोरासमोर जातो, तसंच हे. एका बाजूला पाच फेरे मारून मग दुसरीकडे गेलात, तर मघाशी केलेलं मधोमधचं माप गेलंच समजा. त्यानंतर खालच्या तारा, त्याच रीतीने. ताण मोजायला लूस गेज नावाचं छोटं उपकरण मिळतं. ते तारेवर अडकवलं की ती किती वाकते त्यावरून आकडा देतं. शिडं बनवणाऱ्या कंपन्या जे-२४ साठी तक्ते फुकट देतात. अमुक वाऱ्याला वरच्या तारेचा आकडा इतका, खालच्या तारेचा इतका. सुरुवात त्या तक्त्यावरूनच करा. मात्र गेजचं मॉडेल तक्त्यात लिहिलेलंच आहे ना ते बघा, कारण वेगवेगळ्या मॉडेलचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

माझं मत विचाराल तर लोक त्या गेजवर जरा जास्तच विसंबतात. धक्क्यावरचा आकडा म्हणजे फक्त सुरुवात. होडी वाऱ्यात कलली, पाच माणसं कडेला बसली, लाटेने हिसका दिला की डोलकाठी काय करते ते धक्क्यावर दिसत नाही. शर्यतीच्या तासभर आधी बाहेर पडणाऱ्या होड्या त्यासाठीच बाहेर पडतात. वाऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जात शिडं ताणायची आणि दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, वाऱ्याआडची तार. वारा ज्या बाजूने येतो तिकडची तार सगळा भार घेते, आणि पलीकडची सैल होते. ती किती सैल होते, हीच लावणीची नाडी. ज्या वाऱ्यासाठी होडी लावली आहे त्या वाऱ्यात, सगळे कडेला बसलेले असताना, पलीकडची वरची तार जेमतेम सैल व्हायला लागलेली असावी. बोटाने हलवली तर हलावी, पण लाटेबरोबर लोंबकळत झुलू नये. झुलत असेल तर डोलकाठीचा शेंडा वाऱ्याआड पडतोय, पुढची तार ढिली होतेय, तिच्यावरचं शीड नको तेवढं गोल झालंय, आणि होडी वाऱ्याजवळ जायचं सोडून आडवी सरकतेय. उलट ती तार अजून वीणेसारखी ताठ असेल तर हलक्या वाऱ्यात तुम्ही ताकद वाया घालवताय.

दुसरी गोष्ट म्हणजे ते गाल लावून वर बघणं. डोलकाठीच्या मागच्या बाजूला शीड सरकवायची खाच असते, तिला डोळा लावून खालून वर पाहायचं. बंदुकीच्या नळीतून बघावं तसं. खाच सरळ दिसते का? मध्य वाऱ्याआड फुगला असेल तर खालच्या तारा सैल आहेत. मध्य वाऱ्याकडे आणि शेंडा पलीकडे गेला असेल तर खालच्या तारा जास्त आवळल्या आहेत, किंवा वरच्या कमी. हलक्या वाऱ्यात मध्य अगदी किंचित वाऱ्याआड गेला तर चालतं. जोराच्या वाऱ्यात रेघ सरळ हवी. सात-आठ वेळा बघितलं की डोळा तयार होतो, आणि मुलांचा तर आपल्या आधी होतो.

शीडही बोलत असतं. मागची तार ओढल्यावर मोठ्या शिडावर मागच्या खालच्या कोपऱ्यापासून डोलकाठीच्या मध्याकडे तिरक्या सुरकुत्या पडल्या, तर डोलकाठी शिडाच्या बेतापेक्षा जास्त वाकली आहे. मग एकतर मागची तार थोडी सोडायची, नाहीतर दोन शर्यतींच्या मधल्या वेळात खालच्या तारा आवळून मध्याला मागे धरायचं. हो, दोन शर्यतींच्या मध्ये हात लावायला परवानगी आहे. म्हणूनच शर्यत संपल्या-संपल्या लोक पाणी पिण्याआधी पाना शोधतात.

वाऱ्याइतकंच महत्त्व लाटांना आहे, आणि तक्ते ते सांगत नाहीत. ओहोटीचं पाणी गोल्डन गेटकडे निघतं आणि वारा तिथूनच समोरून येतो, तेव्हा दोघांच्या झटापटीत आखूड, उभ्या लाटा उठतात. बर्कलीसमोरच्या उथळ पाण्यातल्या लाटाही अशाच आखूड. सपाट पाण्यावर १५ नॉटला जी लावणी पळते, तीच या लाटांमध्ये प्रत्येक ठोकरीला थबकते, कारण पुन्हा वेग घ्यायला शिडात पोट उरलेलं नसतं. अशा दिवशी खालच्या तारा एखादा फेरा जास्त आवळून डोलकाठी जरा सरळ ठेवतात, वरच्या तारांना मात्र हात लावत नाहीत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक घरून निघतानाच बघायचं ते यासाठी.

वारा ८ पासून २० वर जाणार हे ठाऊक असताना लावायचं कशासाठी? खाडीतल्या उन्हाळ्यात मी जोराच्या बाजूने कौल देईन. ताठ लावलेली होडी हलक्या वाऱ्यात थोडी मंद चालते, आणि मागची तार पूर्ण सोडून, माणसं पुढे सरकवून थोडं भरून काढता येतं. सैल लावलेल्या होडीची डोलकाठी २२ नॉटच्या लाटांमध्ये प्रत्येक आदळीला पुढे-मागे हिसके खाते. वेग जातो तो जातोच, शिवाय तारांच्या टोकांवर आणि जोडांवर हे हिसके बसत राहतात. तलावावर किंवा पूर्व किनाऱ्यावरच्या शांत दिवसात माझा कौल वेगळा असता.

इथे सुरक्षेचं बोलायला हवं, विशेषतः ज्यांची मुलं चमूत आहेत त्यांच्याशी. डोलकाठी पडते ती बहुतेक वेळा एखाद्या क्षुल्लक वस्तूमुळे. टर्नबकल आपोआप फिरून सुटू नये म्हणून त्याच्या आट्यांच्या टोकांत कॉटर पिन घालतात. लावणीच्या गडबडीत ती काढली जाते आणि घालायची राहते. दोन तास लाटांत थरथरणारं टर्नबकल हळूहळू फिरत जातं. होडीवर एकाच माणसाकडे हे काम द्या, की निघण्याआधी प्रत्येक पिनेला बोट लावून मोजायचं. वयाने सगळ्यांत लहान असलेल्याला दिलं तर उत्तम, मोठे गप्पांत विसरतात. पिनेची टोकं शिडाला आणि पोटऱ्यांना ओरबाडतात म्हणून त्यावर चिकटपट्टी लावतात, पण जोड हवाबंद गुंडाळू नका. अडकलेलं खारं पाणी आणि हवेचा अभाव, यांत स्टेनलेस स्टीलही आतून खातं.

या तारा १९ बारीक तारांच्या पिळाच्या असतात. महिन्यातून एकदा जुना सुती फडका धरून प्रत्येक तारेवरून खाली-वर फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे एखादी बारीक तार तुटून कुसळासारखी वर आली आहे. तशी एक जरी सापडली तरी ती तार बदलायची, तिच्यावर शर्यत करायची नाही. हा शोध उघड्या बोटाने घेऊ नये, हे वेगळं सांगायला नकोच. खालच्या टोकाला गंजाची तपकिरी रेघ किंवा केसाएवढी चीर दिसली तरी तेच. दहा वर्षांच्या आसपास सगळ्या तारा बदलाव्यात असा सर्वसाधारण पायंडा आहे.

सरावात पाण्यावर ताण बदलायचा असेल तर टर्नबकल फिरवा ते फक्त वाऱ्याआडच्या, सैल बाजूचं. फेरे मोजा, होडी वळवा, आता सैल झालेल्या दुसऱ्या बाजूला तेवढेच फेरे द्या. भाराखालचं टर्नबकल फिरवायचा हट्ट धरला तर आटे घासून अडकतात, आणि सुटलंच तर डोलकाठीच खाली येते.

जुन्या होडीबद्दल एक. सगळं नीट लावून, फेरे मोजूनही पलीकडची तार दर आठवड्याला पुन्हा सैल होत असेल तर आणखी आवळत बसू नका. बाजूच्या तारा डेकखाली ज्या लाकडी भिंतीला धरलेल्या असतात ती ओलाव्याने मऊ पडली असेल, किंवा डोलकाठीच्या बुंध्याखालचा आधार बसत असेल. जे-२४ मध्ये या दोन्ही जागा तपासाव्यात. आवळून तो रोग बरा होत नाही, वाढतो.

शर्यत संपली की मागची तार लगेच सोडायची, धक्क्यावर आल्यावर टर्नबकलवर गोडं पाणी ओतायचं, आणि वही उघडायची. तारीख, वारा किती सांगितला होता आणि किती निघाला, भरती की ओहोटी, वरच्या तारांचे फेरे, खालच्या तारांचे फेरे, पलीकडची तार कधी सैल झाली, शेजारच्या होडीच्या तुलनेत वेग कसा होता. आमच्या ओळखीच्या एका घरात ही वही बारा वर्षांची मुलगी लिहिते, मराठीत, म्हणजे बाकीच्या होड्यांना वाचता येत नाही.